टेबलाचे वतन

एप्रिल सरत आला, की विद्यापीठांच्या प्रशासकीय इमारतींत उन्हाळी परीक्षांच्या धांदलीच्या जोडीने आणखी एका गोष्टीची कुजबूज सुरू होते, ती अंतर्गत बदल्यांच्या यादीची. यादी निघते तेव्हा तिच्या शिरोभागी मजकूर ठरलेला असतो: प्रशासकीय सोयीस्तव खालील कर्मचाऱ्यांची त्यांच्या नावासमोर दर्शविलेल्या विभागात बदली करण्यात येत असून त्यांनी तात्काळ कार्यमुक्त होऊन नव्या जागी रुजू व्हावे. ही सोय नेमकी कोणाची, याचा खुलासा परिपत्रकात नसतो. तो दुपारच्या चहापर्यंत उपाहारगृहात झालेला असतो.

विद्यापीठाबाहेरच्या माणसाला या प्रकरणातील तळमळ आकळणे कठीण आहे. गाव बदलत नाही, बिऱ्हाड हलत नाही, मुलांची शाळा सुटत नाही, वेतनश्रेणी तीच, पदनाम तेच, फार तर दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर यावे लागते. आणि एवढ्यासाठी प्रौढ, संसारी, एरवी शांत प्रकृतीची माणसे कर्मचारी संघाच्या पदाधिकाऱ्यांपासून व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांपर्यंत सर्वांचे उंबरठे झिजवितात, हे पाहून त्याला नवल वाटावे. परंतु ज्याने त्या इमारतीत उमेदीची वर्षे काढली आहेत, आणि मी ती काढली आहेत, त्याला ठाऊक असते की एका वेतनश्रेणीत बसविलेली सगळी टेबले एका मोलाची नसतात. आवक-जावकेला बसलेला लिपिक टपालावर शिक्के उठवून आणि नोंदवहीत क्रमांक चढवून वेळेवर छत्री काखोटीला मारतो. त्याच्याच ज्येष्ठतेचा परीक्षा विभागातील सहकारी निकालाच्या दिवसांत रात्र झाली तरी बैठक क्रमांकांचे मेळ घालीत बसलेला असतो, आणि निकालास विलंब झालाच, तर वर्तमानपत्रांचे वाग्बाण व विद्यार्थी संघटनांच्या घोषणा प्रथम त्याच्याच खिडकीवर येऊन आदळतात. पात्रता विभागात परराज्यांतून आलेल्यांची स्थलांतर प्रमाणपत्रे आणि मूळ गुणपत्रिका पडताळण्यात जीव मेटाकुटीस येतो, कारण नावातल्या एका वेलांटीपायी कुणाचा तरी प्रवेश अडून राहतो. संलग्नता विभागातील खुर्चीला मात्र निराळीच कळा असते. नव्या तुकडीला, नव्या अभ्यासक्रमाला किंवा नव्या महाविद्यालयाला मान्यता मिळावी म्हणून आलेले संस्थाचालक, जे आपल्या प्राचार्यांशीही चढ्या आवाजात बोलतात, ते तेथे अदबीने उभे राहतात. आणि दिवाळीच्या सुमारास त्यांना त्या टेबलाची विशेष आठवण होते.

ही विषमता आमच्या विद्यापीठांच्या घडणीतच आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे आणि परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे काम विद्यापीठाचे, अशी वाटणी होती. पुढे पुण्यात 1949 साली आणि कोल्हापुरात 1962 साली विद्यापीठे उभी राहिली, त्यांचे स्वतःचे अध्यापन विभाग विस्तारले, तरी कारभाराचा भार परीक्षा आणि संलग्नता या दोन खात्यांवरच पडत राहिला. एका खात्यात कष्ट साचतात, दुसऱ्यात वजन साचते. आणि न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो तो या दोहोंचे वाटप कोणाच्या मर्जीने व्हावे, येथे.

फेरपालटीची कल्पना काही आजची नव्हे. खात्यांवर एकाहून अधिक अधिकारी असावेत आणि ते तेथे कायमचे नसावेत, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. मराठेशाहीच्या गडव्यवस्थेत तर याचा फार बारकाईने विचार झालेला दिसतो: हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी. या योजनेचे खरे मर्म मला त्या आकड्यांच्या भिन्नतेत दिसते. सर्वांना एकाच हुकमाने हलविले असते, तर गडाच्या चोरवाटा, पाण्याची टाकी, कोठारातील शिल्लक आणि शिबंदीचा स्वभाव जाणणारा कोणीच वर उरला नसता. आणि कोणालाच हलविले नसते, तर गडाचे वतन व्हायला वेळ लागला नसता. आमच्या विद्यापीठात एका वर्षी परीक्षा विभागातील निम्मी माणसे एका दिवसात उचलली गेली होती. त्या हिवाळी परीक्षेचे निकाल केव्हा लागले, हे त्या वेळच्या विद्यार्थ्यांनी अजून विसरलेले नसावे.

शासकीय कर्मचाऱ्यांपुरता महाराष्ट्राने 2005 साली बदल्यांचा स्वतंत्र अधिनियम केला. एका पदावरील सामान्य कालावधी तीन वर्षांचा धरावा, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत कराव्यात आणि मुदतीपूर्वी कोणास हलवायचे झाल्यास त्याची कारणे लेखी नमूद करावीत, असे त्याने बंधन घातले. केंद्रीय दक्षता आयोगही संवेदनशील पदे निश्चित करून तेथील माणसे दर दोन-तीन वर्षांनी बदलावीत, असे बजावीत आला आहे. विद्यापीठे मात्र स्वायत्त. सहायक कुलसचिवाच्या खालच्या दर्जाच्या शिक्षकेतर सेवकांचे नियुक्ती-अधिकारी आणि शिस्तभंग-अधिकारी कुलसचिवच, आणि टेबलबदलाचा हुकूमही त्यांच्याच कचेरीतून सुटतो. स्वायत्ततेचा मी कैवारी आहे. पण शासकीय कार्यालयांच्या नियमांतून सूट मागणाऱ्या संस्थेने आपला एक तरी नियम लिहून ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात असते काय, तर ज्याच्यामागे कोणी आहे तो आठ-दहा वर्षे एका जागी मुरतो, ज्याच्यामागे कोणी नाही तो दर वर्षी टेबल बदलतो, आणि ज्याने एखाद्या टिपणीवर प्रामाणिक पण अप्रिय शेरा मारला, त्याचे नाव मे महिन्याची वाट न पाहता स्वतंत्र आदेशात झळकते. आदेशात शिक्षेचा उल्लेख नसल्यामुळे त्याला दादही मागता येत नाही. बदली ही शिक्षा नव्हे, असे त्याला वरून ऐकविले जाते.

आणखी एक अन्याय आहे, ज्याला कोणी अन्याय म्हणत नाही. आमच्या जुन्या अभिलेखांच्या खोलीत एक ज्येष्ठ लिपिक बाई होत्या. वयाने मोठे असलेले लोकही त्यांना ताई म्हणत. आखातात नोकरीस गेलेल्या एखाद्या पदवीधराच्या पदवीची पडताळणी आली, की त्या उजव्या तर्जनीवर रबरी टोपण चढवीत, तांबड्या कापडात बांधलेल्या शेकडो बासनांपैकी नेमके एक सोडीत, आणि टी. आर.च्या, म्हणजे गुणतक्त्यांच्या नोंदवहीच्या, जीर्ण पानांतून त्याचे गुण पाचव्या मिनिटाला समोर ठेवीत. एका वर्षीच्या ऑक्टोबर परीक्षेची पाने बांधणाऱ्याच्या चुकीने उन्हाळी परीक्षेच्या खंडामागे शिवली गेली होती. ही गोष्ट त्या इमारतीत त्यांना एकट्यांनाच ठाऊक होती, आणि कोणत्याही सूचीत लिहिलेली नव्हती. धुळीने त्यांना दम्याचा त्रास होऊ लागला होता. दर वर्षी त्या बदलीचा अर्ज करीत आणि दर वर्षी तो दप्तरी दाखल होई. मी एकदा विचारले, "ताई, यंदा तरी नाव आलं का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. साहेब म्हणतात, तुमच्यावाचून चालायचं नाही. कौतुक करतात की जन्मठेप देतात, तेच कळत नाही."

संलग्नता विभागातील एक गृहस्थही असेच अपरिहार्य मानले जात. पण त्यांची अपरिहार्यता निराळ्या जातीची. ताईंचे ज्ञान लिहून घ्यायला कोणी आले नाही म्हणून ते त्यांच्या डोक्यात राहिले. या गृहस्थांनी मात्र कोणत्या महाविद्यालयाची कोणती त्रुटी कोणत्या नस्तीत दडलेली आहे, हे कधी कागदावर येऊच दिले नाही. बदलीच्या यादीत हे दोघेही एकाच कारणाने वगळले जात आणि वरिष्ठांना त्यात काही विसंगती दिसत नसे. खरे पाहता, माणूस हलविल्यावाचून त्याचे दप्तर कसे आहे ते कळत नाही. कार्यभार हस्तांतरणाच्या वेळी प्रलंबित प्रकरणांची यादी, कपाटांच्या किल्ल्या आणि चार पानांचे टिपण दोन सह्यांनी दिले-घेतले गेले, तर त्या एका दिवसात जे उघडकीस येते, ते वर्षभराच्या लेखापरीक्षणात येत नाही. पण आमच्याकडे हस्तांतरण म्हणजे किल्ली देणे, आणि "काही अडलं तर फोन करा" असे म्हणणे.

संगणक आल्यापासून या व्यवहारात एक नवेच पात्र शिरले आहे, त्याची दखल घेतलीच पाहिजे. कायम पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून जे कंत्राटी सेवक घेतले जातात, त्यांना ज्येष्ठता नाही, पदोन्नती नाही, आणि बदलीच्या यादीत स्थानही नाही. कक्षाधिकारी येतात आणि जातात, वरिष्ठ लिपिक येतात आणि जातात. परवलीचा शब्द जाणणारा, प्रणालीत कोणता स्तंभ चुकीचा भरला जातो ते ओळखणारा कंत्राटी मुलगा तेथेच असतो, आणि तीन वर्षांनी बदलून आलेल्या, त्याच्या कित्येक पट वेतन घेणाऱ्या माणसाला काम तोच शिकवितो. त्याचा करार संपला, की फेरपालटीने जे टिकवायचे ते आणि जे मोडायचे ते, दोन्ही एकदमच जाते. कर्मचारी संघांनी बदल्यांतील पक्षपाताविरुद्ध द्वारसभा घेतल्या आहेत, आणि त्या योग्यच होत्या. पण त्या सभांत या मुलांचा विषय निघाल्याचे मला आठवत नाही.

उपाय म्हणून समित्या नेमण्याची आमची परंपरा आहे, पण मी फार लहान मागणी करतो. दर वर्षी मार्चच्या अखेरीस प्रत्येक विभागाने आपल्या दारावर एक तक्ता लावावा: कर्मचाऱ्याचे नाव, या टेबलावर रुजू झाल्याची तारीख, त्यापूर्वीची दोन टेबले, आणि बदलीचा अर्ज केला असल्यास त्याचे वर्ष. कंत्राटी सेवकांचीही नावे त्यात असावीत. एकतृतीयांशाहून अधिक माणसे एका वेळी विभागातून हलवू नयेत, आणि ज्याला मुदतीपूर्वी हलवायचे वा मुदतीनंतर ठेवायचे, त्याच्या नावापुढे कारणाची एक ओळ कुलसचिवांच्या सहीने असावी. आठव्या वर्षीही त्याच खुर्चीत असलेल्या गृहस्थांच्या नावापुढे ती ओळ काय लिहिली जाते, ते वाचायला मी निवृत्त असूनही जाईन.