मायक्रोवेव्हकडून भाकरीची अपेक्षा कशाला?



"एवढा मायक्रोवेव्ह घेतला, पण त्यात अन्न गरम करण्यापलीकडे काही होत नाही," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला ते पटत नाही. ग्रिल, कन्व्हेक्शन नसलेला साधा ‘सोलो’ मायक्रोवेव्ह बरंच काही शिजवतो. आपण त्याच्याकडे तव्याचं काम मागतो आणि वर नावं ठेवतो.

हा विषय खरं तर विज्ञानाच्या तासाचा आहे. सूक्ष्मलहरी मुख्यतः पदार्थातल्या पाण्याला तापवतात, आणि पाणी आहे तोवर पदार्थ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. खरपूसपणा यायला मात्र साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून भाकरी, थालीपीठ, डोसा यात होणार नाहीत. भरीत होईल, पण वांग्याला धुराचा वास कुठून येणार? फोडणी गॅसवरच द्या, आणि तळणाचा तर विचारही नको.

जे वाफेवर होतं ते मात्र छान होतं. ढोकळा पाच-सात मिनिटांत फुलतो. टोचे मारलेले बटाटे, भोपळ्याच्या फोडी, मक्याचं कणीस, सगळं झटपट. तूरडाळ मात्र कुकरलाच लावा. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, इथे ते शंभरावरच अडतं, शिवाय डाळ उतू जाते ती वेगळीच!

मग पापड कसा भाजतो? असं एखाद्या मुलाने विचारलं तर त्याला शाबासकी द्या. पापडात पाणी थोडंच, त्याची वाफ होऊन तो फुलतो. पाणी संपलं की मग तापमान वर चढतं आणि मिनिटभर जास्त ठेवला तर पापड मधोमध करपतो. फिरती प्लेट काढून, न फिरणाऱ्या ताटलीत दोन-तीन कच्चे पापड थोडा वेळ ठेवून पाहा. कुठे फुललेले, कुठे कच्चेच! आत उष्णता सारखी पसरत नाही, हे मुलांना न सांगताच दिसतं.

आता हे का सांगतोय? दोघंही नोकरीला असलेल्या घरांत मुलं शाळेतून येऊन आपलं जेवण आपणच गरम करतात. त्यांना नुसतं "हात लावू नकोस" म्हणून भागत नाही, कारण सांगावं लागतं. स्टीलचा डबा आत नको, ठिणग्या उडतात. कवचासकट अंडं नको. आतली वाफ कोंडते आणि ते फुटतं, कधी बाहेर काढल्यावर हातातसुद्धा. भात-आमटी मध्येच एकदा ढवळायची. आणि धाकट्या भावंडाची दुधाची बाटली त्यात कधीच तापवायची नाही. बाटली बाहेरून कोमट लागते, आतलं दूध कुठेतरी तोंड भाजेल इतकं कढत असतं.