'ही' म्हणजे नेमका कोण?

इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीत आपल्या मुलांचे गुण दोन ठिकाणी हमखास जातात. एक, सर्वनाम कोणासाठी आले आहे ते ओळखणे. दुसरे, वाक्यातील समान घटक एकाच रूपात ठेवणे. मग घरी निकाल लागतो, "मराठी माध्यमात घातले ना, म्हणून!" हे आम्हांला मान्य नाही.

'रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड पास्ड.' पास कोण झाला? या वाक्यावरून सांगता येत नाही. मराठीत आपण 'रमेशने सुरेशला सांगितले, की मी पास झालो' असे म्हणतो. 'की' नंतरही बोलणाऱ्याचा 'मी' तसाच राहतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. 'हिज'चेही तसेच. 'रमेशने आपले दप्तर उचलले' म्हटले की दप्तर रमेशचेच. 'त्याचे' म्हटले की सहसा दुसऱ्या कोणाचे. गुजरातीतही 'पोतानुं' आणि 'तेनुं' आहेच, म्हणजे सुरतेच्या मुलाला हा भेद दोनदा आयता मिळतो. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच 'हिज'. तेथे नाव पुन्हा लिहून किंवा वाक्य फिरवून अर्थ स्पष्ट करावा लागतो, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. (लहान वर्गात 'ही' ऐकताच डोळ्यांपुढे मुलगी येते, ती गंमत वेगळीच!)

'शी लाइक्स सिंगिंग, डान्सिंग अँड टू ड्रॉ' हे चूक का? नियम पाठ करून घेण्याआधी फळ्यावर लिहावे, 'तिला गायला, नाचायला आणि चित्र काढणे आवडते.' वर्ग हसेल. कान जागा झाला की नियम समजायला वेळ लागत नाही. 'सर्वांत आखूड पर्याय निवडा' अशा युक्त्या आम्हांला मुळीच पटत नाहीत. प्रश्न जरा फिरवला की मूल अडते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. हेच दादोबा पुढे आपल्या सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथे मानवधर्म सभा काढली. तर्खडकर या नावाची भाषांतर पाठमाला तर आपल्या अनेक आजोबांनी गिरवली आहे. मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकणे ही काही आमची नवी कल्पना नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी, की इंग्रजीचा आठवड्यातील एक तास दोन्ही बाजूंच्या भाषांतराला द्यावा, आणि शाळेच्या चाचणीत सर्वनामाच्या प्रश्नाखाली 'कारण लिहा' अशी ओळ घालून त्याला एक गुण ठेवावा. बँकेच्या परीक्षेत कारण विचारत नाहीत, हे खरे. पण ज्याला कारण सांगता येते त्याला चार पर्यायांची भीती उरत नाही. तपासणीला वेळ जास्त लागेल. त्यासाठी शिक्षकांवरचे एखादे लेखी काम विश्वस्तांनी कमी करावे. पालकांनीही आणखी एक गाइड विकत घेण्याआधी मुलाची वही उघडून 'हा ही कोण?' एवढे विचारून पाहावे.