फोनचे दात कोण बघतो?



बैलबाजारात गेलेला माणूस आधी बैलाचे तोंड उघडून बघतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे कळल्याशिवाय किमतीचा शब्द काढत नाही. मग हाच शहाणा माणूस फोन घेताना नुसती काच पुसून का बघतो?

आमच्या धाकट्या भावजींचेच बघा ना. दिवाळीआधी त्यांनी तालुक्याच्या गावाहून अडीच हजारांना एक वापरलेला फोन आणला. काचेवर ओरखडा नाही, आवाज खणखणीत, फोटो झकास. घरात सगळ्यांनी हातात घेऊन कौतुक केले. रात्री ते पुतण्याच्या वसतिगृहाचे पैसे भरायला बसले. दुसरा दिवस शेवटचा होता, आणि बँकेचे ॲप काही केल्या त्या फोनवर येईना.

"वहिनी, फोन तर चालतोय, पण पैसे हलत नाहीत!" भावजी घामाघूम.

माझ्या मुलीने फोन उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "काका, फोनमध्ये बिघाड काही नाही. आतले अँड्रॉइड फार जुने आहे. बँक त्याला दारात उभे करत नाही."

सकाळच्या एस.टी.ने जाऊन बँकेत रांग लावली, कापूस वेचणीचा एक दिवस मोडला, तेव्हा कुठे पैसे पोचले. दोष कोणाला द्यायचा? विचारायचे ते आपणच विचारले नव्हते.

तर हे अँड्रॉइड म्हणजे काय? फोन असो की संगणक, त्याच्या आत एक कारभारी बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, कुठली वस्तू कुठे ठेवायची, हे सगळे तो बघतो. आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये गूगलचे अँड्रॉइड असते. ते २००८ साली आले. आयफोनमध्ये ॲपलचे आयओएस असते आणि संगणकात बहुधा मायक्रोसॉफ्टचे विंडोज.

चोर या कारभाऱ्याच्या कुंपणात रोज नवी फट शोधतात. बनवणारी कंपनी फट बुजवून दुरुस्ती पाठवते, तिलाच अपडेट म्हणायचे. 'डेटा जातो' म्हणून आपण ती 'नंतर, नंतर' करत ढकलतो, ते चुकीचे. पण काही वर्षांनी कंपनीच दुरुस्ती पाठवणे थांबवते. फोन मात्र चालूच राहतो, आणि खरा धोका तिथेच आहे. पुढे एकेक सोय हळूच पाय काढून घेते. विंडोजच्या फोनवरून व्हॉट्सॲप २०१९ च्या अखेरीस गेले. २०२३ च्या ऑक्टोबरात ते अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीखालच्या फोनवरही बंद झाले.

संगणकाचीही तीच गत. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज ११ चढत नाही. म्हणून लगेच संगणक भंगारात घालू नका. लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम फुकट मिळते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. तिच्यावरच आपल्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' तयार केली आहे. पत्र लिहिणे, मराठी टाइप करणे, मुलांचा अभ्यास, हे सगळे लिनक्सवर होते. मात्र हिशेबाचे पुष्कळसे प्रोग्रॅम विंडोजसाठीच बनलेले असतात. तेव्हा दूध संस्थेचा संगणक बदलण्याआधी जाणकाराला विचारा.

पुण्याच्या वन्सं आयफोन वापरतात. त्यांना वर्षानुवर्षे दुरुस्ती मिळते, पण किंमत ऐकून आपले डोळे पांढरे होतात. शिवाय २०२३ च्या आधी निघालेल्या आयफोनला आपला चार्जर लागत नाही. गावी आल्या की घरभर चार्जर शोधत फिरतात.

आता दात बघायचे कसे ते सांगते. सेटिंग्जमध्ये बहुधा तळाशी 'अबाउट फोन' असते. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती दिसते. सेटिंग्जमध्येच 'सिक्युरिटी अपडेट' शोधा आणि त्याची तारीख वाचा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर पैशाचे व्यवहार नकोत. नवा फोन घेताना विचारा, "दुरुस्ती किती वर्षे मिळेल?" काही महागड्या फोनना सात वर्षांचा शब्द दिलेला असतो, स्वस्तातल्यांना बराच कमी. दुकानदाराला सांगता येत नसेल, तर घरातल्या शिकलेल्या मुलाला शोधायला लावा, मगच पैसे मोजा. आणि जुना फोन विकताना त्यातले फोटो उतरवून घ्या, आपले खाते काढा आणि फोन पुसून कोरा करा. दावे सोडल्याशिवाय बैल दुसऱ्याच्या हाती देतो का आपण?

भावजींच्या त्या फोनवर आता सासूबाई अभंग ऐकतात. त्यात ना बँक, ना पासवर्ड, त्यामुळे चिंता नाही. भावजी मात्र कोणाच्या हातात नवा फोन दिसला की आधी विचारतात, "काय रे, दात बघितलेस का?"

असो. पुढच्या आठवड्यात भेटूच.