तुकडा काढू द्या

"सुरी लावली की कॅन्सर भडकतो." नळावर, मयतीच्या घरी, दवाखान्याच्या रांगेत हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर बोललेच पाहिजे.

हा समज येतो कुठून? पायावरची जखम दोन वर्षे हळद आणि मलमावर काढलेली असते. दवाखाना गाठेपर्यंत जांघेत गाठी आलेल्या असतात. मग बायोप्सी होते आणि काही महिन्यांत माणूस जातो. घरच्यांच्या ध्यानात राहते ती सुरी. आधीची दोन वर्षे कोणी मोजत नाही.

त्वचेची बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढणे. इंजेक्शन तेवढे चावते. एक-दोन टाके पडतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. थोडे रक्त, क्वचित पू, बारीकसा व्रण, एवढाच काय तो धोका. मेलॅनोमा हा त्वचेचा जहाल कॅन्सर. त्यातही आधी तुकडा काढलेल्या रुग्णांचे आयुष्य त्यामुळे घटल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. शिवाय कॅन्सर निघालाच, तर ती जागा पुढच्या ऑपरेशनमध्ये आजूबाजूच्या कातडीसकट काढतात.

सावळ्या कातडीला हा रोग कमी होतो, हे खरे. पण होतच नाही असे नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या नखाखाली 1977 मध्ये मेलॅनोमा सापडला. 1981 मध्ये तो गेला, वय 36. आपल्याकडेही तळपाय, तळहात आणि नखाखालचा नवा काळा पट्टा पाहत जा. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या आपल्या आयाबहिणींनी जुन्या वणावर न भरणारी जखम झाली तर ती अंगावर काढू नये.

मला भीती सुरीची वाटत नाही, ॲसिडची वाटते. कोणीतरी "मस आहे" म्हणून जाळतो किंवा कापून कचऱ्यात टाकतो, आणि तपासायला काही उरतच नाही. म्हणून काढणाऱ्याला आधीच विचारा, "तुकडा लॅबला पाठवणार ना? रिपोर्ट कधी मिळेल?" उत्तर टाळले तर तिथून उठा आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात केसपेपर काढा. शुगर असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका. रिपोर्टच्या तारखेला मात्र रोजंदारी बुडाली तरी जा, आणि त्याची एक झेरॉक्स घरी ठेवा.