फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही



ज्वारीचा कडबा घरी आला की गावोगाव कडबाकुट्टीचा आवाज सुरू होतो. यंत्र गोठ्यात, मीटर घरात. मधले दीडशे फूट वायर लोंबकळते, अर्धी बाभळीवरून, अर्धी पत्र्यावरून. जोडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली की झाले काम!

गेल्या आषाढात आपल्या एका कार्यकर्त्याचा बैल दावणीलाच गेला. पत्र्याला घासून वायर सोलली होती. करंट पत्र्यातून लोखंडी खांबात आणि खांबातून चिखलात उतरला. कार्यकर्ता एकच विचारत होता, "फ्यूज तर होता ना भाऊ, मग उडाला का नाही?" मी शेतकीचा पदवीधर, पण माझ्याही गोठ्यात तशीच वायर होती. घरी येऊन आधी ती काढली.

फ्यूज का उडत नाही, ते समजून घ्या. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार चालताना १०-१२ अँपिअर घेते, म्हणून आपण १५ अँपिअरचा फ्यूज टाकतो. ओल्या अंगातून जाणारा करंट पाव अँपिअरच्या आसपास असतो. माणूस मरायला तेवढा पुरतो. फ्यूजला तो जाणवतही नाही.

त्यासाठी आरसीसीबी लागतो. ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. करंट जमिनीत गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. किंमत सरकी पेंडीच्या एक-दोन पोत्यांएवढी. महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबून पाहावे.

पण अर्थिंग हवेच. यंत्राच्या बॉडीला अर्थची तार जोडलेली असेल, तर हात लागण्याआधीच आरसीसीबी पडतो. नसेल, तर पहिला झटका कुणाला तरी खावा लागतो. न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून मोटार चालवणे म्हणजे त्या सळईभोवतीची ओली जमीन जिवंत करणे होय.

वायरही जाड हवी. दीडशे फुटांवर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत, मोटार सुरू होताना पन्नासेक व्होल्ट वाटेतच जातात. मोटार घुमते, तापते, जळते. आणि आपण नुसता कमी दाबाला दोष देतो. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत हेच नुकसान वीसेक व्होल्टवर येते. पत्र्यावरून नेण्यापेक्षा आर्मर्ड केबल अडीच फूट खोल पुरावी. काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. नियमही तेच सांगतो.

पूर्ण दाबाची वीज मागण्याचा हक्क आपण सोडणार नाही. पण मीटरच्या पुढची वायर आपली आहे. तिच्यासाठी कोणावर मोर्चा नेणार? बैठकीहून घरी गेलात की मेन स्विच बंद करा आणि ती वायर मीटरपासून गोठ्यापर्यंत डोळ्यांनी तपासा. जिथे पिशवी गुंडाळलेली दिसेल, तिथून सुरुवात करा.