कॉफी आणि तिचं लिंग

चहा हा माझा धर्म आहे, हे या सदराच्या वाचकांना आता पाठ झालं असेल. तो धर्म मी गेल्या आठवड्यात कुंभकोणमला बुडवला. ताईची नवग्रह यात्रा, पिशव्या उचलायला मी, आणि आमच्या मधे 'डेअर, डी, डास' पुटपुटणारी भाची. शेजारच्या मामींना वाटलं, पोरगी जप करतेय. संध्याकाळी तळ्याकाठी डास खरोखरच आले.

भाचीला एमएससाठी जर्मनीला जायचंय, म्हणून जर्मनच्या तीन लिंगांचा हा जप. 2023-24च्या हिवाळी सत्रात तिकडे 49 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. तिचा अभ्यासक्रम इंग्रजीतच आहे.

"मग जर्मनचा घोर कशाला?"

"वर्गात इंग्रजी चालेल रे मामा. घरमालक, दवाखाना, पार्टटाइम काम? तिथे कोण बोलणार?"

पटलं. न पटलेली गोष्ट वेगळीच. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, आणि मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी, म्हणून ती जर्मनांवर भडकली होती. मराठी पोरीने लिंगांबद्दल तक्रार करावी? तो चमचा, ती वाटी, ते ताट हे हिला कोणत्या क्लासने शिकवलं? 'ते पोर' आपल्याही घरात आहेच. पोटवाक्यात क्रियापद शेवटी ढकलतात म्हणून हिचा जीव जातो. आपलं तर जन्मभर शेवटीच बसलेलं आहे! मी हे सगळं प्रवचनाच्या सुरात सांगितलं.

"हो, पण मी 'तो वाटी' म्हटलं तर आजी हसायची," ती म्हणाली. "इथे मार्क जातात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी इतिहासात शिरलो. ही माझी जुनी खोड. तंजावर इथून जेमतेम चाळीस किलोमीटर. 1750 साली श्वार्ट्झ नावाचा प्रशियन, म्हणजे जर्मनच, पाद्री तरंगमबाडीला आला. आधी तमिळ शिकला, पुढे भोसल्यांच्या दरबारात बोलता यावं म्हणून मराठीही. सरफोजीराजे त्याच्याच हाताखाली वाढले. तो वारल्यावर त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मला राहून राहून वाटतं, या माणसाला आपली तीन लिंगं घरचीच वाटली असतील. कुठलं कुठे लावायचं यात तो चुकला, की मात्र दरबारातले कारकून मिशीत हसले असतील. मार्क कोणी कापले नसतील.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजी तंजावरी मराठी. वाचतात तमिळ, घरात बोलतात मराठी. ती त्यांना कोणी शिकवलेली नाही, तिची परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. शिवरायांचे भाऊ व्यंकोजी इकडे आले, त्याला सुमारे साडेतीनशे वर्षं झाली. आजींचं बोलणं ऐकताना ताईचे कान दोन दिवस टवकारलेले होते. मला तिसऱ्या दिवशी सगळं कळायला लागलं आणि त्या दिवशी आम्ही निघालो.

निघताना आजींनी पितळी डबरा पुढे केला (खड्डा नव्हे हो, टंबलरखालची खोलगट वाटी) आणि भाचीला विचारलं, तिकडे कॉफी मिळते का?

"मिळते. पण तिकडे तो कॉफी असतो, आजी."

आजी इतक्या हसल्या की टंबलर हिंदकळला. मी तेवढ्यात दुसरी कॉफी मागून घेतली.