आधी अलाइनमेंट, मग कपलिंग

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि इंजिनांची कामं आमच्यासारख्या मिस्त्रींकडे येतात. हल्ली छोट्या नौकांचे मालक हटकून विचारतात, "गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या मध्ये लवचिक कपलिंग टाकू का? इंजिन फार थरथरतं."

मी उलट विचारतो, इंजिन कशावर बसवलंय? बेडवर थेट बोल्टने आवळलेलं असेल, तर पैसे वाचवा. इंजिन हलतच नसेल तर कपलिंगला फारसं काम उरत नाही. रबरी माउंटिंगवरच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. एक-दोन सिलिंडरचं इंजिन कमी वेगात आणि बंद होताना चांगलंच डुलतं, शाफ्ट मात्र मागे स्टर्न ट्यूबमध्ये धरलेला. तो ओढा गिअरबॉक्सच्या सीलवर आणि ग्लँडवर येतो. तिथे लवचिक कपलिंग पैसे वसूल करून देतं. पंख्यात जाळं अडकलं, तर गिअरबॉक्सला बसणारा हिसकाही ते थोडा सौम्य करतं.

पण अनेकांना कपलिंग हवं असतं ते वाकडं बसलेलं इंजिन चालवून घ्यायला. किडलेल्या दातावर लवंग दाबून ठेवण्यातला हा प्रकार. थरथर कमी वाटते. बेअरिंग झिजतच राहतं, ग्लँड गळतच राहतो. शेवटी रबरही फाटतं, डिझेल-ऑइल लागत असेल तर आणखी लवकर.

अलाइनमेंट बघायला लवचिक कपलिंग आधी काढा, नाहीतर ते फरक लपवतं. दोन्ही फ्लँज समोरासमोर आणून वर, खाली, डावीउजवीकडे फिलर गेज लावा. व्यासाच्या दर इंचामागे इंचाचा एक हजारांश एवढाच फरक चालतो. ४ इंची फ्लँजला जेमतेम ०.१ मिलिमीटर. आणि मोजायचं ते नौका पाण्यात उतरल्यावर. टेकूंवर उभी असलेली नौका पाण्यात आकार बदलते, लाकडी तर फुगतेही. हंगामाच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

कपलिंगच्या जाडीचाही हिशोब धरा. तेवढा शाफ्ट मागे सरकतो. पंखा सुकाणूला लागायला आला, तर शाफ्ट कापावा लागतो. ती मजुरी वेगळी.

तेव्हा बोल्ट, माउंटिंग, बेअरिंग आणि अलाइनमेंट आधी तपासून घ्या. थरथर तेवढ्याने गेली, तर कपलिंगचे पैसे जाळ्यांवर खर्च करा. माउंटिंगवरचं इंजिन तरीही हिसके देत असेल, तर कपलिंग खुशाल बसवा.